खाडीचा परवाना कुणाच्या नावावर?

तिसऱ्या खाव्यात की खाऊ नयेत, हा वाद आपल्या समाजात जुना आहे. कोकणातले मुसलमान शाफई मसलकाचे. त्यांच्या लेखी समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल. घाटावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी. त्यांच्या फिकहप्रमाणे पाण्यातल्या जिवांपैकी मासा तेवढा खायचा, शिंपल्यातलं नाही. कोळंबीला मासा म्हणायचं की नाही, यावर खुद्द हनफी उलेमांत दोन मतं आहेत. घाटाच्या वर-खाली सोयरीक जुळली की या फरकावर थट्टामस्करी होते, कधी रुसवेफुगवेही होतात.

ताटातल्या या मसल्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोललो. खाडीतल्या मसल्यावर मात्र बोलत नाही. या तिसऱ्या कुणी काढायच्या, कधी काढायच्या, किती काढायच्या? खाडीत उतरायला मनाई करायचीच झाली तर ती कुणाला करायची, आणि ते ठरवणार कोण? हलाल-हराम केवळ वस्तूत नसतं, ती कुणाचा हक्क मारून हाती आली यातही असतं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. म्हणून हा प्रश्न मत्स्यव्यवसाय खात्याइतकाच आपलाही आहे.

कायद्याला होडी दिसते, बाई दिसत नाही

तिसऱ्या, शिवल्या, मुळे, खुबे, कालवं. गावागणिक नावं बदलतात, काम तेच राहतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला खाली जातं, आणि एरवी पाण्याखाली असलेले वाळूचे-चिखलाचे पट्टे उघडे पडतात. आपल्या हिशेबात सांगायचं तर नवा चांद आणि चौदावी-पंधरावीच्या आसपासचे दिवस. त्या दोन-तीन तासांत बाया टोपल्या घेऊन उतरतात. वाळू उकरून तिसऱ्या, खडकावरून लोखंडी सळईने कालवं. पाणी वळलं की परत. घरचं कालवण भागतं, उरलेलं बाजारात विकून मीठ-मिरचीचा, औषधाचा, मुलांच्या फीचा पैसा येतो. या बायांत कोळी आहेत, भोई आहेत, गाबीत आहेत, खारवी आहेत आणि मुसलमानही आहेत. रत्नागिरी भागातल्या दालदी मुसलमानांचा तर मासेमारी हाच पिढीजात धंदा.

आता कायदा पाहू. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. २०२१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि दंड वाढले. या कायद्याची सगळी भाषा नौकेची आहे. नौकेची नोंदणी, नौकेचा परवाना, ट्रॉलर कुठवर यायचा, पर्ससीन जाळं कुठे टाकायचं. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदीसुद्धा यांत्रिक नौकांसाठी. हे सगळं आवश्यक आहे. पण पायी चिखलात उतरणाऱ्या बाईकडे नौकाच नाही, तेव्हा परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून कागदोपत्री ती मच्छीमारही नाही.

याचे परिणाम रोजच्या जगण्यात दिसतात. निसर्ग वादळ २०२० साली आलं, तौक्ते २०२१ साली. वादळानंतरच्या सरकारी मदतीच्या निकषांत होड्या आणि जाळी आहेत. वाळूचा पट्टा वाहून गेला, त्यावरच्या तिसऱ्या गाळाखाली गुदमरल्या, हे नुकसान मांडायला त्या अर्जात रकानाच नाही. मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्वही बहुतेकदा घरच्या पुरुषाच्या नावावर. एखादा पूल, बंदर किंवा जेट्टी होणार असेल आणि भरपाईची यादी निघाली, तर या बाईने मी इथली आहे हे सिद्ध कशाने करायचं? टोपली दाखवून?

काही जण म्हणतील, बरं आहे, खाडी मोकळी आहे, कशाला परवान्याचं झेंगट? पण खाडी मोकळी आहे, हा गैरसमज आहे. खाडीच्या तळावर आजच अनेकांचे परवाने आहेत. वाळू महसूल खात्यामार्फत ब्रासच्या हिशेबाने दिली जाते. हातपाटीच्या नावाखाली सक्शन पंप चालल्याच्या तक्रारी कोकणाला नव्या नाहीत. हा पंप वाळू खेचतो तेव्हा तिसऱ्यांची पिल्लंही खेचतो. जेट्टीला मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते. कारखान्याच्या सांडपाण्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीखालच्या दाभोळ खाडीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या किती वर्षं वाचतो आहोत आपण! म्हणजे खाडीवर सगळ्यांचा कागद आहे, नाही तो फक्त शतकानुशतकं तिथे उतरणाऱ्या बाईचा. कागदांच्या जगात कागद नसलेल्याचा हक्क सर्वांत आधी बुडतो.

मोकळीक म्हणजे दया नव्हे

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कुणीही यावं, कितीही काढावं, ही मोकळीक गरिबाच्या भल्याची वाटते, पण बाजार मोठा झाला की तीच गरिबाच्या मुळावर येते.

याचं आपल्या देशातलं उत्तम उदाहरण केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात आहे. तिथे तिसऱ्यांच्याच कुळातले शिंपले मिळतात. १९८०च्या दशकात आग्नेय आशियातून त्यांच्या गोठवलेल्या मांसाला मागणी आली. काढणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि १९९१च्या सुमारास वर्षाचं उत्पादन दहा हजार टनांवर पोचलं. पुढच्या दोनच वर्षांत ते निम्म्यावर आलं. सरोवर तेच, माणसं तीच, मेहनत तीच, पण शिंपले नाहीत, कारण अंडी घालण्याआधीच पिल्लं उपसली जात होती.

त्यानंतर तिथे जे झालं ते शिकण्यासारखं आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या सल्ल्याने काही साधे नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ, तेव्हा काढणी बंद. जाळीचं भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. यंत्राने उपसा नाही. आणि चौथा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. निर्यातीच्या मालात एका किलोत १४००पेक्षा जास्त नग भरतील इतकं बारीक मांस चालणार नाही. म्हणजे नियम मोडला की नाही हे सरोवरात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसामागे शिपाई लावून तपासायचं नाही. कारखान्याच्या दाराशी, वजनकाट्यावर तपासायचं. बारीक माल कुणी घेतच नसेल तर तो काढणार कोण? उत्पादन पुन्हा वाढलं. सुमारे तीन हजार लोकांचं पोट ज्यावर होतं त्या या मासेमारीला २०१४ साली मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी. देखरेखीसाठी मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी एकत्र बसतील अशी परिषदही तयार झाली.

शिंपल्यांच्या बाबतीत हे जमू शकतं याला कारण आहे. बांगडा आज मालवणात, उद्या गोव्यात. त्याचं नियमन एका गावाला अशक्य. तिसरीचं तसं नाही. पिल्लू काही दिवस पाण्यात तरंगतं, मग वाळूत रुजतं आणि तिथेच वाढतं. पट्टा मोजता येतो, राखता येतो. जे एका जागी राहतं ते राखण्याची जबाबदारी त्या जागेच्या माणसांवर टाकता येते. तसंच जे एका जागी राहतं ते एका दमात लुटताही येतं.

दोन प्रकारची राखण

तेव्हा नियम हवा. परवाना हवा. प्रश्न एवढाच की कसला परवाना.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात बलाढ्य सरदार चांगलं कुरण दिसलं की ते स्वतःच्या जनावरांसाठी राखून घेत. त्याला ‘हिमा’ म्हणत. कुत्र्याचं भुंकणं जिथवर ऐकू येईल तिथवरचं कुरण सरदाराचं, बाकीच्यांनी बाहेर चरायचं. पैगंबर (स.) यांनी ही खासगी हिमा बंद केली. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळे भागीदार आहेत, ही त्यांची शिकवण. राखण मात्र बंद केली नाही. सार्वजनिक कामासाठी राखीव कुरण ठेवायला त्यांनी मान्यता दिली.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली हकीकत सही बुखारीत आहे. त्यांनी हुनय्य नावाच्या, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाला राखीव कुरणावर नेमलं आणि सूचना दिल्या. लोकांशी नरमाईने वाग आणि ज्याच्यावर जुलूम होतो त्याच्या शापाला भी. ज्याच्याकडे मोजके उंट, मोजकी मेंढरं आहेत त्याला आत सोड. अब्दुर्रहमान इब्न औफ आणि उस्मान इब्न अफ्फान यांच्या कळपांना मात्र आवर. कारण त्यांची जनावरं मेली तर ते आपल्या खजुरीच्या बागांकडे, शेतीकडे वळतील. गरिबाची मेली तर तो पोरंबाळं घेऊन माझ्या दाराशी येईल आणि त्याला सरकारी खजिन्यातून सोनं-चांदी देण्यापेक्षा आज पाणी-चारा देणं मला स्वस्त आहे.

ज्यांना अडवायला सांगितलं ते दोघं कुणी ऐरेगैरे नव्हते. पैगंबरांचे जवळचे साथी होते, त्यातले एक पुढे खलिफा झाले. तरी निकष त्यांच्या मोठेपणाचा नव्हता. आत कुणाला सोडायचं, तर ज्याच्याकडे दुसरा आधार नाही त्याला. आधुनिक भाषेत हा परवाना वाटपाचा नियमच आहे, आणि मला तो आजच्या बऱ्याच नियमांपेक्षा न्यायाचा वाटतो. सरदाराची हिमा आणि उमरची हिमा, बाहेरून दोन्हीला कुंपण सारखंच. फरक आत कोण आहे यात.

आजच्या जगातही हे दोन प्रकार दिसतात. वेल्समध्ये बरी इनलेट नावाची खाडी आहे. पेनक्लॉड गावच्या बाया तिथे गाढवं घेऊन ओहोटीला कॉकल नावाचे शिंपले काढायला जात. १९६५ साली तिथे परवाना पद्धत आली. मोजकेच परवाने, फक्त हाताने काढणी, दाताळं आणि चाळण एवढीच अवजारं, दिवसाला ठरलेला कोटा आणि दरवर्षी साठ्याची मोजणी. यांत्रिक उपशाला वाव नसल्याने पैसेवाल्याला पैशाच्या जोरावर जास्त काढता येईना. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकॅम्ब बे आहे. तिथे ५ फेब्रुवारी २००४च्या रात्री भरतीच्या पाण्यात किमान २१ चिनी मजूर बुडून मेले. त्यांना त्या खाडीचं पाणी माहीत नव्हतं, भाषा येत नव्हती, कागदपत्रं नव्हती. त्यांना अंधारात शिंपले काढायला उतरवणारा मुकादम होता. त्याच वर्षी ब्रिटनने कायदा केला आणि शेती व शिंपले काढणीसाठी मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा केला. एकवीस जीव गेल्यावर सुचलेलं शहाणपण असं की नियमाचा हात चिखलात उभ्या असलेल्या माणसापाशी थांबून चालत नाही, तो त्याला तिथे उभं करणाऱ्यापर्यंत पोचावा लागतो.

आक्षेप

परवाना आला की साहेब आला, साहेब आला की चिरीमिरी आली, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सही शिकलेल्या बाईने तहसिलीत खेटे घालायचे? म्हणून परवाना तालुक्याच्या खिडकीवर नको. खाडीकाठच्या गावांनी मिळून यादी करावी, ती ग्रामसभेत वाचून दाखवावी, हरकती तिथेच मिटवाव्यात आणि खात्याने शिक्का मारावा. शुल्क नाममात्र.

दुसरा आक्षेप असा की यातून गरिबालाच गुन्हेगार ठरवलं जाईल. हे होऊ शकतं. आज बिनापरवाना काढणारी बाई गरीब आहे, उद्या ती चोर ठरेल. यावर उपाय असा की पहिली यादी आज जे काढतात त्यांचीच असावी, कुणालाही वगळून सुरुवात होऊ नये. पट्टा कमी पडत असेल तर आधी प्रत्येकीचा वाटा थोडा कमी करावा. माणसं कमी करण्याची वेळ शेवटी यावी. दंडाचा मोठा भार व्यापाऱ्यावर, लहान भार टोपलीवर.

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे. अष्टमुडीत नियम पाळूनही पुढे उत्पादन पुन्हा घसरलं. अमेरिका खंडातून आलेल्या उपऱ्या शिंपल्याने तिथल्या जागा व्यापल्या, आणि संशोधन संस्थेला प्रयोगशाळेत वाढवलेलं बी सरोवरात सोडावं लागलं. बरी इनलेटमध्येही कॉकल मोठ्या प्रमाणावर मरू लागले आणि दोष सांडपाण्याचा की आणखी कशाचा, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. मग नियमांचा उपयोग काय? माझ्या मते यातून नियम फुकट ठरत नाहीत, अपुरे ठरतात. काढणाऱ्याने आपली बाजू पाळली, पण पाण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांच्यावर तसं बंधन नव्हतं. परवाना हा करार असेल तर तो दोन्ही बाजूंनी हवा. बाईने तीन महिने खाडीत उतरायचं नाही, तर सरकारने त्या तीन महिन्यांत आणि बाकीच्या नऊ महिन्यांतही त्या पट्ट्यावर वाळूचा पंप आणि कारखान्याचं पाणी उतरू द्यायचं नाही. शिंपला पाणी गाळून जगतो, पाण्यातली घाण त्याच्या मांसात साठते. युरोपात शिंपले काढण्याच्या प्रत्येक क्षेत्राची मांसातल्या जिवाणूंच्या प्रमाणावरून अ, ब, क अशी वर्गवारी करतात आणि ती ठरल्याशिवाय माल बाजारात जात नाही. आपल्या खाड्यांची अशी वर्गवारी सुरू झाली तर खाणाऱ्याची तब्येत तर जपली जाईलच, शिवाय बाईच्या हातात कारखान्याविरुद्धचा पुरावाही येईल.

परवान्यावर काय लिहावं

तेव्हा माझं मागणं असं आहे. परवाना माणसाच्या नावावर असावा, होडीच्या नाही, आणि काढणारी बाई असेल तर तिच्याच नावावर असावा, नवऱ्याच्या नाही. तो विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येऊ नये, नाहीतर दोन वर्षांत सगळे परवाने एकाच व्यापाऱ्याच्या कपाटात जमा होतील. पाण्यातला न पकडलेला मासा विकू नये, हे फिकहचं जुनं सूत्र. त्यामागची भीती हीच आहे की जे अजून हाती आलं नाही त्याचा सौदा दुबळ्यावर उलटतो. खाडीचा पट्टा लिलावाने ठेक्यावर देणं म्हणजे तोच सौदा मोठ्या प्रमाणात.

अवजार हाताचंच असावं. विणीचा काळ कोणता हे केरळचं वेळापत्रक उचलून ठरवू नये, आपल्या खाडीत पाहणी करून ठरवावं आणि त्यात जुन्या काढणाऱ्या बायांना विचारावं. त्या बंद काळात या बायांना मदत मिळावी. व्यापाऱ्याला वेगळा, कडक परवाना असावा. माल कोणत्या खाडीचा, किती, कोणत्या आकाराचा याची वही त्याने ठेवावी आणि तपासणी त्याच्या काट्यावर व्हावी. खाडीत शिंपल्यांची किंवा कालवांची शेती करायला जागा देताना पहिला हक्क तिथे पायी काढणी करणाऱ्या गटांचा असावा. कांदळवन प्रतिष्ठानाच्या योजनांतून बचत गटांना अशा शेतीसाठी अनुदान मिळतं, ही चांगली सुरुवात आहे.

आणि खाडीची समिती असावी. निम्म्या जागा काढणाऱ्या बायांच्या. खाडी एकच असते. कोळीवाड्याची ओहोटी आणि मोहल्ल्याची ओहोटी एकाच वेळी येते. तेव्हा समितीही एकच असावी, जातीधर्माच्या वेगवेगळ्या नकोत.

इथे आपल्या समाजालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. कोकणातल्या मुस्लिम गावांत जमात ही मजबूत संस्था आहे. तंटे मिटवते, वर्गणी काढते, कब्रस्तान सांभाळते. पण तिच्या बैठकीत बाया बसत नाहीत. ज्या खाडीत पुरुष क्वचित उतरतो त्या खाडीविषयी जमात बोलणार तरी कशाच्या आधारावर? उद्या खात्याने गावाकडे यादी मागितली आणि जमातीने ती कुटुंबप्रमुखांच्या नावांनी भरून दिली, तर नवा परवाना जुन्याच अन्यायाचा कागद होईल. त्यापेक्षा मोहल्ल्यात कोण कोण खाडीत उतरतं, किती वर्षं, कोणत्या पट्ट्यावर, याची वही आपणच आजपासून ठेवायला लागू. सरकार मागेल तेव्हा ती तयार असेल. सरकारने मागितली नाही, तर मागणी घेऊन जायला तीच उपयोगी पडेल.